महालक्ष्म्यांच्या मागची वीज

आमच्या वैनीने त्या वर्षी अंगणात दोन रांगोळ्या काढल्या. फाटकापासून देवघरापर्यंत महालक्ष्म्यांची पावलं, त्यांनी आत यावं म्हणून. आणि कडुलिंबाच्या थोडी अलीकडे एक आडवी रेघ, आमच्या अण्णाने आत येऊ नये म्हणून. पावलांवर तिने हळदीकुंकू वाहिलं. रेघेवर काही वाहिलं नाही, नुसती जाड काढली, लांबून दिसावी अशी.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. ठाणाकुशनूरच्या पुढे, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून आमचं गाव. आमचे आजे-पणजे मेंढरं राखायचे. अण्णा कन्नड शाळेत गणित शिकवून रिटायर झाला. मी गुलबर्ग्याला हायस्कुलात भूगोल शिकवते. माझ्या सासरी महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, नाहीत, म्हणून दर भाद्रपदात मी माहेरी येते, पुरण वाटते, वैनीशी पोटभर बोलते, अण्णाशी भांडते आणि परत जाते.

भांडण विजेवरून. आमच्याकडे महालक्ष्म्यांपुढे आरास करायची पद्धत आहे. कुणी थर्माकोलचा किल्ला करतं, कुणी कारंजं करतं, कुणी बाहुल्यांचं लग्न लावतं. आमच्या घरी वीज पडते. खरी वीज. दोन महालक्ष्म्या, त्यांच्या मधे कागदाचे डोंगर, डोंगरांच्या फटीत मिठाईच्या दुकानातली जुनी काचेची पेटी, पेटीत पलंगाच्या खांबावरचे दोन पितळी गोळे, आणि एका गोळ्यावरून दुसऱ्यावर कडाडकन उडणारी निळी ठिणगी. डोंगराच्या मागे काळा पडदा. पडद्याच्या मागे अण्णा.

ही वीज ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालते. जुन्या डबा टीव्हीत पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट देणारा एक ट्रान्सफॉर्मर असतो, तो अण्णाने भंगारातून काढलेला. तो एका मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज भरत राहतो, आणि कंडेन्सर काठोकाठ भरला की गोळ्यांमधून ठिणगी उडते. आजूबाजूच्या गावांतून लोक टमटम करून बघायला येतात. औरादकडच्या बायका तेलुगूत काहीतरी म्हणून कानात बोटं घालतात. म्हाताऱ्या माणसाने असले उद्योग करू नयेत, हे मी अण्णाला तो म्हातारा व्हायच्या आधीपासून सांगत आले.

तसा तो बेफिकीर माणूस नव्हे. उलट त्याच्यासारखा भित्रा माणूस मी बघितला नाही, आणि हे त्याला सांगितलं तर तो खूश होतो. यंत्र चालू असताना त्याचा डावा हात कायम खिशात. एक हात इकडे आणि एक हात तिकडे लागला तर वीज छातीतून जाते, म्हणून एकच हात बाहेर. पायाखाली रबराची मॅट, कारण आमच्या घराला शहाबादी फरशी आहे आणि ती सणाला सारखी पुसलेली, ओलसर असते. अर्थिंगची तार तुळशीपाशी पुरलेली, आणि वैनी रोज पूजेचं पाणी तिथेच ओतते, त्यामुळे आमच्या घरासारखं अर्थिंग अख्ख्या पंचक्रोशीत नाही.

फक्त मॅटवरून दोघांचं जमत नसे. रबर देवघरासमोर आलं की वैनी त्याच्यावर गोमूत्र शिंपडणार. अण्णा ती मॅट उन्हात वाळवणार. वैनी परत शिंपडणार. हे दर वर्षी.

आणि सगळ्यांत महत्त्वाची पळी. पूजेतली जुनी पितळी पळी वाळलेल्या बांबूच्या टोकाला बांधलेली, आणि पळीपासून एक जाड तार अर्थिंगला. यंत्र बंद केलं की ती पळी कंडेन्सरला लावायची, म्हणजे आत राहिलेली वीज जमिनीत जाते. "बटण बंद केलं म्हंजे वीज मेली असं न्हाई," अण्णा म्हणायचा. "ती डब्यात दम धरून बसती. कुणीतरी बोट लावायची वाट बघती." पळी लावल्याशिवाय तो पडद्यामागे मलाच काय, देवालाही येऊ देत नसे.

मग त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तो किराणा दुकानात उभ्या उभ्या खाली पडला. हृदयाचे ठोके मधेच थांबत होते. हैदराबादला नेलं, छातीत पेसमेकर बसवला. घरी सोडताना डॉक्टरांनी काय करायचं, काय नाही ते सांगितलं. मोबाईल डाव्या खिशात ठेवू नका, वेल्डिंगच्या जवळ जाऊ नका. अण्णाने विचारलं, ठिणगी किती लांब असली तर चालेल. डॉक्टर म्हणाले, कसली ठिणगी. अण्णाने समजावून सांगितलं. टीव्हीचा ट्रान्सफॉर्मर, कंडेन्सर, पितळी गोळे, सगळं, हाताने अंतर दाखवून. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग वैनीकडे बघून म्हणाले की असल्या यंत्राच्या जवळपासही यांना जाऊ द्यायचं नाही, छातीतलं मशीन गोंधळलं तर ठोका चुकेल, आणि चुकलेला ठोका परत येईलच असं नाही.

गाडीत अण्णा एवढंच म्हणाला, "बरं हाय."

पुढचे काही महिने तो तेच म्हणत राहिला. चहा झाला का, बरं हाय. शेतावर जातोस का, बरं हाय. वैनी फोनवर मला सांगायची की हे भांडत न्हाईत ओ ताई, मॅटवर मुद्दाम पाणी सांडून बघितलं तरी काही बोलले न्हाईत. मी महालक्ष्म्यांना गेले तेव्हा तो कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसला होता. मला बघून हसला. यंत्र माळ्यावर जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेलं. बाजारात माणसं विचारायलीत, गुरुजी यंदा वीज हाय ना, असं वैनीने संध्याकाळी स्वयंपाकघरात सांगितलं, आणि अण्णा म्हणाला, "न्हाई म्हणून सांग. वीज न्हाई तर न्हाई. कारंजं लाव एखादं."

कारंजं लावणाऱ्या लोकांना हा माणूस जन्मभर नावं ठेवत आला. डॉक्टरांनी त्याचं हृदय चालू केलं होतं, पण आता ते कशासाठी चालू आहे हे त्याला कळत नव्हतं, असं मला दिसायला लागलं.

"मी लावते वीज," मी म्हणाले.

वैनी पुरण ढवळायची थांबली. अण्णाने मान वर केली.

"बाई, तुला जमायचं न्हाई," तो म्हणाला.

हे तो नसता बोलला तर कदाचित मी विचार करून माघार घेतली असती. मी वर्गात पोरांना ढगात वीज कशी तयार होते ते फळ्यावर काढून दाखवते, पण घरी फ्यूज गेला तर नवऱ्याला हाक मारते. पण जमायचं नाही म्हणजे काय.

"कामून जमायचं न्हाई?"

"तुला राग येतो. वीज रागानं हाताळायची गोष्ट न्हाई."

"मला कुठं राग येतो," मी म्हणाले, आणि पुरणाचा डाव उचलून मोरीत टाकला.

शेवटी ठरलं. वीज मी लावणार, अण्णा कडुलिंबाखाली बसणार. बॅटरीची वायर जोडलेली असेल तोवर रेघ ओलांडायची नाही. रेघ वैनीची कल्पना. बाजूच्या खिडकीतून त्याला पडद्याची मागची बाजू दिसेल, तिथून तो सांगेल तसं मी करणार. त्याने मान्य केलं. फार लवकर मान्य केलं म्हणून वैनीने त्याला देवाची शपथ घ्यायला लावली.

मग त्याने मला शिकवायला घेतलं. अंगणातच, बॅटरीशिवाय, मेलेल्या यंत्रावर. गणिताचे मास्तर कसे असतात ते मला लहानपणापासून माहीत होतं, तरी परत कळलं. आधी मॅट हाताने चाचपून बघ, ओली हाय का. मग बांगड्या काढ. काचेच्या राहू दे, सोन्याच्या काढ. मग डावा हात खिशात.

"साडीला खिसा कुठं असतो?"

अण्णा विचारात पडला. इतकी वर्षं वीज लावली, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. वैनी स्वयंपाकघरातून म्हणाली, पदर खोचून हात आत घाला. तसं केलं. पदर कमरेला घट्ट खोचला आणि डावा हात त्यात अडकवला. अण्णाला ते पसंत पडलं. खिशातून हात पटकन निघतो, पदरातून निघत न्हाई, हे खिशापेक्षा भारी हाय, असं म्हणाला. हैदराबादहून आल्यापासून त्याचं हे पहिलं लांब वाक्य.

नंतर सगळा वेळ एकच. बटण बंद, पळी. बटण बंद, पळी. मी चुलीपाशी जायला उठले तरी मागून, "पळी लावलीस का?" यंत्र मेलेलं होतं, त्यात भाजलेल्या शेंगदाण्याएवढीही वीज नव्हती, तरी मी पळी लावत होते. जेवताना वैनीने मला ताटात पळीने आंबील वाढलं आणि आम्ही तिघंही हसलो. किती दिवसांनी हे घर हसलं, असं वैनी म्हणाली, आणि डोळे पुसून परत वाढायला लागली.

पूजेच्या दिवशी संध्याकाळी बायका आल्या. माजघर भरलं. अण्णा रेघेपलीकडे खुर्चीवर, मांडीवर दोन्ही हात, खिडकीकडे तोंड करून. मी पडद्यामागे. मॅट कोरडी. हात पदरात. मी बटण दाबलं. यंत्रावरच्या मीटरचा काटा हळूहळू चढला आणि समोर कडाड झालं. मला काही दिसलं नाही, नुसता पडदा पलीकडून पांढरा झाला आणि तोंडात जस्ताची चव आली. बायका "अगं माय" म्हणाल्या. मी खिडकीकडे बघितलं. अण्णाने मान हलवली, म्हणजे पुढे चालव. मी चालवलं. दरवेळी पडदा पांढरा व्हायचा, दरवेळी मी दचकायची, आणि दरवेळी तो मान हलवायचा.

पहिला घोळका उठला. मी बटण बंद केलं. बांबूला हात घालणार तेवढ्यात वैनीने पुढून हाक मारली, "ताई, ओटी घ्यायला या, सगळ्या खोळंबल्यात." सवाष्णीने कुंकवाला आणि ओटीला थांब म्हणायचं नसतं. मी पुढे गेले. आणि ओटी घ्यायला पदर पसरावा लागतो, पदर पसरायला दोन्ही हात लागतात. माझा डावा हात बाहेर आला. पदरात तांदूळ पडले, खण पडला, नारळ पडला.

इथे शेजारच्या मावशींबद्दल सांगायला पाहिजे. त्या आमच्या गावात कुंकवासाठी प्रसिद्ध आहेत. जे जे उभं दिसेल त्याला कुंकू लावायचं, ही त्यांची पद्धत. दसऱ्याला त्या आमच्या मिक्सरला लावतात, फ्रिजला लावतात, आणि एकदा मीटर बघायला आलेल्या माणसाच्या मोटारसायकलला लावून मोकळ्या झाल्या. गावाला दर वर्षी वीज दाखवणारं यंत्र कुंकवाशिवाय राहिलं, हे त्यांना बरं वाटेना. आजवर पडद्यामागे अण्णा असायचा म्हणून त्यांना आत जाता आलं नव्हतं. आता पडद्यामागे कुणी नव्हतं. त्या अनवाणी, पुसलेल्या फरशीवरून, करंगळीशेजारचं बोट ओल्या कुंकवात बुडवून आत गेल्या.

मला हे काही माहीत नव्हतं. मला फक्त खिडकीतून अण्णाचा आवाज आला. ओरडला नाही तो. पण आवाज कडुलिंबाकडून येत नव्हता, अगदी खिडकीच्या गजाजवळून आला.

"बाई, पळी."

मी वळले. पडद्याच्या खालून मावशींचे पाय दिसत होते, जोडवी यंत्राच्या दिशेला. ओटी भरताना पदर सोडणं फार वाईट समजतात. मी सोडला. नारळ गडगडत महालक्ष्म्यांच्या पायापाशी गेला, तांदूळ सगळीकडे. पडदा ओढला तेव्हा मावशींचं बोट कंडेन्सरपासून वीतभर होतं. त्यांच्या अंगाला हात लावायचा नाही एवढी अक्कल शिल्लक होती. मी त्यांच्या पाठीवरचा कोरडा पदर धरला आणि सगळा जोर लावून मागे ओढला. त्या माझ्या मांडीवर बसल्या. आम्ही दोघी फरशीवर.

मी त्यांच्या खालून निघाले, डावा हात पदरात कोंबला, बांबू उचलला आणि पळी लावली. कडाड. पितळेवर काळा डाग पडला. बाहेर बायकांना वाटलं पुढचा खेळ सुरू झाला, त्या येऊन बसायला लागल्या.

मावशींनी डाग बघितला, आपलं बोट बघितलं. बोटावर कुंकू तसंच ओलं होतं.

"मग आता हे कुठं लावू?" त्या म्हणाल्या.

"पळीला लावा."

त्यांनी लावलं. वर तांदळाचे दोन दाणेही चिकटवले.

मी खिडकीकडे बघितलं. अण्णा गज धरून उभा होता. ओठ पांढरे. एक हात छातीवर. मागे अंगणात रेघ मधोमध फिसकटलेली आणि त्याच्या तळपायांना रांगोळी लागलेली. त्या क्षणी मला मावशी, वीज, महालक्ष्म्या कशाचंच काही वाटेना. माझा भाऊ माझ्यासमोर पडणार, आणि ही वीज लावायची हौस मला होती, एवढंच डोक्यात.

"अण्णा, छातीत काय व्हायलंय?"

"धडधडायलंय," तो म्हणाला. "म्हंजे चालू हाय."

"रेघ दिसली न्हाई का तुला?"

"दिसली."

"मग?"

"मावशीबी दिसल्या."

मला आधी रडू येणार होतं, पण माझ्या स्वभावाप्रमाणे राग आधी आला. बॅटरीची वायर काढली, बाहेर गेले, त्याला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, त्याचे ओठ परत नेहमीसारखे होईपर्यंत समोर उभी राहिले. मग सांगितलं की आता तू खिडकीपाशी बसायचं नाहीस. फाटकापाशी जाऊन बस, दरवाजासमोर.

"तिथनं पडद्यामागचं काय दिसतंय? तुला सांगणार कोण?"

"कोणी न्हाई. हितं बसलास तर परत धावशील. मी काय तुला आज ओळखायलेय का?"

तो म्हणाला, "मॅटवर तांदूळ सांडलेत. आधी झाड." वैनीने त्याची खुर्ची उचलली आणि फाटकाच्या आत, महालक्ष्म्यांच्या पहिल्या पावलाशेजारी नेऊन ठेवली. खुर्चीपुढे तिने परत रेघ ओढली. मावशींना पडद्याच्या तोंडाशी राखण बसवलं. त्या कुणाला आत सोडणार नव्हत्या, त्यांना आता त्यातलं सगळं कळत होतं.

मी परत आत गेले. मॅट झाडली, हाताने चाचपली, हात पदरात खोचला. खिडकीत कुणी नव्हतं. मान हलवणारं कुणी नाही हे बघून मला एकदम पोरकं वाटलं, खरं सांगते. मग वायर जोडली, बटण दाबलं, आणि काट्याकडे बघत राहिले. कडाड. बायका बोलल्या. परत. परत. सगळ्या बघून होईपर्यंत मी एकटीने वीज लावली. मग बटण बंद, पळी, वायर काढली, परत पळी.

बाहेर आले तेव्हा बायका पांगल्या होत्या. अण्णा फाटकापाशी तसाच बसलेला, उघड्या दरवाजाकडे बघत.

"झालं," मी म्हणाले. "वायर काढली. चल आत, जेव."

तो उठला नाही.

"बाई, वीज पडली की मुखवट्यांवर उजेड येतो," तो म्हणाला. "थोरलीच्या नथीवर आधी येतो, मग धाकटीच्या. डोळे हलल्यावानी दिसतेत. डोंगर तर खरेच वाटायलेत."

"व्हय. दर वर्षी तसंच असतंय."

"मला काय म्हाईत? मी तर मागंच असायचो."

मी त्याच्या खुर्चीशेजारी मातीत बसले. एवढी वर्षं भांडले, पण हा माणूस आपली वीज कधी बघत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कुणाच्याच आलं नव्हतं. त्याला पडदा पांढरा झालेला दिसायचा आणि बायकांचं "अगं माय" ऐकू यायचं, त्यावरच तो खूश होता. मला रडू फुटलं. त्याने आपल्या उपरण्याचं टोक माझ्या हातात दिलं आणि मी नाक पुसेपर्यंत थांबला.

"पळी लावलीस का?" तो म्हणाला.

"लावली."

"परत एकदा लाव. मग येतो."

मी उठले, आत गेले, डावा हात पदरात घेतला आणि पळी लावली. काही वाजलं नाही. अण्णा उठून रेघेपलीकडे उभा होता, दोन्ही हात मागे बांधून. मी त्याला हाक मारली, आणि तो रेघ ओलांडून महालक्ष्म्यांच्या पावलांच्या कडेकडेने, एकही पाऊल न पुसता, आत आला.